चालू घडामोडींचं पेड अॅप घ्यावं का? राज्यसेवावाल्यांसाठी तरी माझं उत्तर 'नको' आहे

अभ्यासिकेत ज्याला बघावं त्याच्या मोबाईलवर सध्या हे अॅप आहे. नाव घेत नाही, कारण कुणाशी वाद घालायचा नाही, आणि खरं सांगायचं तर अशी पाच-सहा अॅप आहेत, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. वर्षाचे बाराशे, ऑफर लागली की सातशे नव्व्याण्णव, आणि ऑफर बारा महिने लागलेलीच असते. मी वर्षाचं घेतलं, रोज वापरलं, आता रिन्यू करायची वेळ आलीये म्हणून लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. सकाळी सहाच्या ठोक्याला पीडीएफ येते, दिवाळी असो की गणपती, खंड नाही. मराठी नीट आहे, गुगल ट्रान्सलेटचं वाटत नाही. डाउनलोड करून गावी रेंज नसताना वाचता येतं. संध्याकाळची क्विझ पण छोटी आणि सुटसुटीत. पोलीस भरती, तलाठी, जिल्हा परिषद असल्या सरळसेवेच्या पोरांना हे पुरेल, तिथे प्रश्नच एका ओळीचा येतो, कोण, कुठे, केव्हा, संपलं.

पण जाहिरात कुणाला करतात, तर राज्यसेवेच्या, म्हणजे एमपीएससीतून अधिकारी व्हायचंय अशा पोरांना. आणि तिथे गंमत सुरू होते.

रोज साठ-सत्तर वनलायनर. त्यातले निम्मे कुठल्या तरी बँकेने कुणाला ब्रँड अॅम्बेसेडर केलं, कुठल्या कंपनीचा नवा सीईओ कोण, आज जागतिक अमुक दिवस. बँकेच्या परीक्षेचा साचा उचलून वर 'एमपीएससी स्पेशल' लिहिलंय. लोकसेवा आयोगाचे मागचे पेपर काढून बघा, विधानं देतात आणि कोणती बरोबर ते विचारतात, किंवा जोड्या लावा. अर्धवट माहिती असली की दोन पर्यायांत माणूस लटकतो, आणि पूर्व परीक्षेला एक चतुर्थांश निगेटिव्ह आहे, म्हणजे चार चुकले की एक बरोबर आलेला गेला.

उदाहरण देतो. जुलै २०२५ मध्ये आपले किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्या दिवशी सगळ्यांच्याच स्टेटसला किल्ले होते. अॅपमध्ये काय आलं? 'मराठा लष्करी भूप्रदेश, १२ किल्ले, महाराष्ट्रातले ११, तमिळनाडूतला १ (जिंजी).' बास. आता हीच बातमी पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, पत्रकात वाचा. डोंगरी किल्ले कोणते, साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, जिंजी. प्रतापगड डोंगरी पण जंगलातला म्हणून वेगळा धरलाय, पन्हाळा पठारावरचा, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे चारी बाजूंनी पाणी असलेले. पुढे अजून महत्त्वाचं, साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत, उरलेले आठ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे (एएसआय). जोड्या लावायचा प्रश्न कुठून येईल ते शाळेतलं पोरगं पण सांगेल. अॅप बनवणाऱ्याने पत्रक उघडलं असणारच, नाहीतर बाराचा आकडा आला कुठून, मग पुढचे दोन पॅराग्राफ वाचायला काय झालं होतं कुणास ठाऊक.

दुसरं म्हणजे करंट (ताजी बातमी) आणि स्टॅटिक (पुस्तकातला न बदलणारा अभ्यास) यांची गाठच घालून देत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले, आपलं राज्यपालपद रिकामं झालं आणि गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार आला. अॅपमध्ये ही एक ओळ. अहो, एकच माणूस दोन राज्यांचा राज्यपाल होऊ शकतो हे कशामुळे, तर १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम १५३ ला जोड दिली म्हणून. ही एक ओळ खाली टाकली असती तर बातमीचं सोनं झालं असतं, कारण राज्यपालाचं नाव उद्या बदलेल, कलम १५३ बदलत नाही. सातशे नव्व्याण्णव रुपये मी या गाठीसाठी देतो हो, बातमी तर चहाच्या टपरीवर पण फुकट कळते.

वार्षिक मासिक (हो, असंच छापलंय वर, वार्षिक मासिक) तर कहरच. बारा महिन्यांच्या पीडीएफ एकामागे एक चिकटवल्यात, अपडेट काही नाही. एका पानावर सरन्यायाधीश भूषण गवई, ५२ वे, शपथ १४ मे २०२५. पुढे बऱ्याच पानांनी सूर्यकांत, ५३ वे, २४ नोव्हेंबर २०२५. दोन्ही बरोबर, पण पहिल्या पानावर 'सध्याचे सरन्यायाधीश' असं तसंच ठेवलंय. पेपरच्या आदल्या रात्री घाईत चाळणारा मेलाच की.

आणि क्विझमध्ये चुका. दिव्या देशमुखवर प्रश्न होता, 'भारताची पहिली महिला ग्रँडमास्टर कोण', उत्तर दिव्या. नागपूरची पोरगी म्हणून अभिमान आपल्यालाही आहे, पण ग्रँडमास्टर किताब मिळवणारी पहिली भारतीय महिला कोनेरू हंपी, २००२ मध्येच. दिव्या चौथी, मध्ये हरिका आणि वैशाली. दिव्या पहिली कशात, तर बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय, जुलै २०२५, जॉर्जियातलं बटुमी, आणि फायनलला समोर हंपीच होती. म्हणजे ज्या बाईचं उत्तर यायला हवं होतं तिलाच हरवून दिव्या जिंकली, आणि यांनी पर्यायांत हंपीचं नाव देऊन ते चूक धरलं! रिपोर्ट केलं, 'धन्यवाद, आमची टीम लक्ष घालेल' असा मेसेज आला, प्रश्न अजून तिथेच आहे.

मुख्य परीक्षेचं तर विचारूच नका. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, १७५० मार्क धरतात, त्यातले २५० निबंधाचे. तिथे वनलायनर घेऊन काय लिहिणार? वाढवण बंदर घ्या. अॅप म्हणतं पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४, पालघर जिल्हा, खर्च ७६ हजार कोटींच्या वर. ठीक. पण पंधरा ओळी लिहायच्या म्हटल्या तर तिथेच बंदर का, तर किनाऱ्याजवळ नैसर्गिक खोली जवळपास २० मीटर, मोठी कंटेनर जहाजं थेट येऊ शकतात. भागीदारी कशी, जेएनपीए (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण) ७४ टक्के, महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड २६. विरोध कुणाचा, मच्छीमारांचा, आणि बंदर ज्यात येतं तो डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला, त्यासाठी खास प्राधिकरण नेमलेलं, त्याने २०२३ ला मंजुरी दिली. दोन्ही बाजू आल्या तर उत्तर होतं, नाहीतर सरकारी जाहिरात होते. अॅपवाले म्हणतात मेन्ससाठी वेगळा कोर्स आहे, त्याची वेगळी फी. वा रे वा.

मग वाचायचं काय, हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच म्हणून आत्ताच सांगतो. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या, पुणे केंद्राच्या सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या, दहा मिनिटांत राज्याचं सगळं कळतं, चुकल्या तर आकाशवाणीच्या न्यूज साइटवर नंतर ऐकता येतात. पीआयबी मराठीतून पण पत्रकं टाकतं, रोज सगळी वाचायची नाहीत, आपल्या सिलॅबसमधली तीन-चार उचलायची. हे दोन्ही सरकारी आहेत, म्हणजे सरकारवरची टीका तिथे शोधू नका, त्यासाठी अभ्यासिकेतला एक पेपर, त्यातला अग्रलेख आणि शेतीचं पान, भरपूर झालं. लोकराज्य, म्हणजे राज्य सरकारचं मासिक, योजनांसाठी चाळायचं. आणि राज्याची आर्थिक पाहणी, बहुतेक वेळा बजेटच्या आदल्या दिवशी मांडतात, मराठीत पीडीएफ फुकट मिळते, पेठेतले झेरॉक्सवाले स्पायरल करून देतात. अॅपमधले महाराष्ट्राचे आकडे तिथलेच, फक्त कधी कधी एक वर्ष जुने.

याला वेळ जास्त लागतो हे कबूल. नोकरी करून अभ्यास करणारा असेल, किंवा गावात धड पेपर पण येत नसेल, तर अॅप घ्या, माझी हरकत नाही. पण पीडीएफ मुळाबरोबर ताडून बघा, आणि वर्षाचं एकदम घेऊ नका, तीन महिन्यांचा प्लॅन आहे, तो होमपेजवर दाखवत नाहीत, 'सर्व प्लॅन' मध्ये सगळ्यात खाली लपवलाय.

पाचपैकी दोन स्टार. एक सकाळच्या सहाच्या वक्तशीरपणाला, एक मराठीला. आणि हो, ऑटो-रिन्यू आपोआप चालू असतं, अॅप डिलीट करून ते बंद होत नाही. फोनपे किंवा गुगलपेमध्ये जाऊन ऑटोपेच्या यादीतून काढावं लागतं, ते पैसे कटायच्या एक-दोन दिवस आधीच करा, नंतर कस्टमर केअरवाले रिफंड पॉलिसीचा स्क्रीनशॉट पाठवतात आणि विषय संपवतात.