छोटा डीप फ्रीजर : मटार-मासे ठीकच, पाण्याची गंमत एक नंबर

घेतला होता मटार आणि सुरमई ठेवायला, पण खरी मजा पाण्याच्या बाटलीत आहे राव. सीलबंद बाटली उणे ६-७ वर दोनतीन तास अजिबात न हलवता ठेवायची, आत पाणी पाणीच राहतं, मग हळूच काढून ओट्यावर आपटली की वरून खाली पांढरे काटे सरसर उतरतात आणि बघता बघता सगळा स्लश. दगड नाही होत हं, कारण बर्फ धरताना उष्णता सुटते आणि पाणी परत शून्यावर येतं, म्हणजे जेमतेम ७-८ टक्केच गोठतं. नळाच्या पाण्यात कण असतात त्यावर आधीच बर्फ धरतो, त्यामुळे बऱ्याचदा पचका.

थर्मोस्टॅट मात्र भंगार, स्क्रीनवर एक आकडा आणि तळाशी दोन-तीन डिग्री कमी, वेगळा थर्मामीटर टाकावा लागला.

आणि दुकानदार म्हणे "फुल्लवर टाका, पाण्याची काच होईल"! अहो, हा जातो उणे २४ पर्यंत. एकदम शुद्ध बारीक थेंबसुद्धा साधारण उणे ३८ पर्यंतच न गोठता तग धरतात, आणि खरी काच म्हणजे स्फटिक बनायला वेळच न देता उणे १३७ च्या खाली न्यायचं, लिक्विड इथेनमध्ये पातळ थर झपकन बुडवून. स्विस शास्त्रज्ञ जाक द्युबोशेंनी १९८० च्या दशकात हेच जमवलं, २०१७ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यात. मधल्या पट्ट्यात तर पाणी इतक्या पटकन गोठतं की मोजायलाच शास्त्रज्ञांना घाम फुटतो.

४ स्टार. एक थर्मोस्टॅटचा कापला.