विदेशी बुटकी गाढवं आणि कानातला भंडारा

चार लाख तीन हजार रुपये. आकडा आधीच सांगून टाकते. त्यात बचत गटाचं एक लाखाचं कर्ज आहे, गंठण गहाण टाकून आणलेले दीड लाख आहेत आणि बाकीचे दोन हिवाळ्यांच्या हुरड्यातून साठलेले. एवढ्या पैशात मी तीन गाढवं घेतली. हसू आलं तर हसा. ‘गाढवही गेलं अन् ब्रह्मचर्यही गेलं’ ही म्हण मला गावात पन्नास जणांनी तरी ऐकवली असेल. माझी तर गाढवंसुद्धा गेली नाहीत. तीच तेवढी उरलीत.

आमचं अडीच एकर रान अहमदपूर तालुक्यात, अगदी रस्त्याला लागून. लातूरहून आणि नांदेडहूनही माणूस तासा-दीड तासात येतो. 2022 पासून जाऊबाई आणि मी हिवाळ्यात हुरडा पार्टी करतो. माणशी तीनशे रुपये. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, बोरं आणि दुपारी पिठलं-भाकरी. लातूरला नीटच्या शिकवणीला ठेवलेल्या लेकरांना भेटायला रविवारी आईबाप येतात, ते लेकरांना घेऊन आमच्याकडं अर्धा दिवस काढतात. पण संक्रांत झाली, ज्वारी निबर झाली, की रानात चिटपाखरू फिरकत नाही. सोयाबीनच्या भावाबद्दल तर न बोललेलंच बरं. बाराही महिने लोक येतील असं काहीतरी आम्ही शोधत होतो, आणि शोधणारा माणूस लगेच ओळखू येत असावा.

मोबाइलवर जाहिरात आली. हिरव्यागार गवतावर मोठ्या कुत्र्याएवढी गाढवं, अंगावर लोकर, लेकरं त्यांच्या गळ्यात पडलेली. ‘मिनिएचर डाँकी, कृषी पर्यटनासाठी.’ मी नंबर लावला.

तो माणूस खोटं फार कमी बोलला, म्हणून तर मी फसले. ही जात मूळची भूमध्य समुद्रातल्या सिसिली आणि सार्डिनिया बेटांवरची, 1929 साली अमेरिकेत नेली, पूर्ण वाढलं तरी खांद्याशी 36 इंचांच्या वर जात नाही, असं त्यानं सांगितलं. ते खरं आहे. आपल्या देशात 2012 ते 2019 या सात वर्षांत गाढवं 61 टक्क्यांनी घटली, पशुगणनेत फक्त सव्वा लाखाच्या आसपास उरली, म्हणून पुढं भाव चढणार, असं म्हणाला. घट खरी आहे. केंद्रानं फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर, उंट घेतले, निम्मं अनुदान आहे, 50 लाखांपर्यंत. तेही खरं. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण 2020 चं आहे, हेसुद्धा खरं. मालकांनी एकेक गोष्ट मोबाइलवर तपासली. सगळी बरोबर निघाली, आणि आमची खात्री पटली. त्याच्याकडची तीन गाढवं त्याच जातीची आहेत का, हे मात्र मोबाइलवर तपासता येत नव्हतं, म्हणून ते तपासायचं राहूनच गेलं.

दोन माद्या आणि एक नर, नगाला एक लाख वीस हजार. पन्नास हजार बुकिंग, राहिलेले आरटीजीएसनं. मग ‘क्वारंटाइन फी’ पंचवीस हजार आणि गाडीभाडं अठरा हजार. प्रत्येक वेळी खातं वेगळं, आणि एकाही खात्यावर कंपनीचं नाव नाही, माणसांची नावं. बँकेतल्या बाईंनी विचारलंही होतं, “ताई, ओळखीचे आहेत का हे?” मी हो म्हणाले. का म्हणाले, अजून कळलेलं नाही.

जनावरं जानेवारी 2025 मध्ये आली, रात्री साडेअकराला, पिकअपमधून. ड्रायव्हरला भलतीच घाई. मोबाइलच्या उजेडात सह्या घेतल्या, जनावरं उतरवली आणि गेलासुद्धा. आता सांगते, रात्री जनावर उतरवून घेऊच नका. दावणीला सकाळ होऊ द्या, चार माणसं येऊ द्या, मग पैसे. आम्ही तर पैसे आधीच देऊन बसलो होतो.

सकाळी पाहिलं तर खरंच गोजिरवाणी. तीस इंच उंची, अंगभर मऊ लोकर, पाठीवर काळी रेघ आणि खांद्यावरून तिला आडवी दुसरी. फोनवर तो म्हणाला, “तो क्रॉस बघितला का? तीच विदेशी रक्ताची खूण.” प्रत्येकाचं इंग्रजी सर्टिफिकेट होतं. मोठ्या मादीचं वय 4 वर्षं 2 महिने, गाभण, जूनमध्ये शिंगरू होईल, ते कंपनी ऐंशी हजाराला परत घेईल. खाली ‘इंटरनॅशनल मायक्रोचिप नंबर’. खाण्याबद्दल बजावून सांगितलं होतं, मूठभर भुसकट, थोडा कडबा, बस. जास्त खाऊ घातलं की ब्रीड बिघडतं.

पहिल्या आंघोळीला जाऊबाईंना तिन्ही जनावरांच्या कानात पिवळं काहीतरी दिसलं. आम्हाला वाटलं, विलायती औषध असेल.

आणि छोटी मादी माझा पदर तोंडात धरून चोखायची. लोकांना मी कौतुकानं सांगायची, माणसाळलेली आहे बघा किती. ते आठवलं की अजून घास उतरत नाही. आईपासून तोडलेलं चार-पाच महिन्यांचं लेकरू होतं ते, भुकेलेलं, आणि मी त्याला मूठभर भुसकट टाकत होते.

चार महिने धंदा चांगला झाला, हेही सांगायला हवं. माणशी पन्नास रुपये वेगळे घेऊन आत सोडायचो. एका रविवारी बासष्ट माणसं आली. लोक लेकराला पाठीवर बसवू द्या म्हणून हट्ट धरायचे, आम्ही नाही म्हणायचो, तेवढी एक गोष्ट बरी केली. त्या माणसानं ‘ग्राहकाचा अनुभव’ म्हणून व्हिडिओ मागितला. मी नवी साडी नेसून, गाढवाच्या गळ्यात हात टाकून, दोन मिनिटं बोलून पाठवला.

मग चैत्रात लोकर झडली. खालून साधी करडी, तुळतुळीत कातडी निघाली. जून गेला, आषाढ गेला, शिंगराचा पत्ता नाही. माझा मुलगा गोठ्याच्या खांबावर पेन्सिलनं उंचीच्या रेघा मारायचा, घरात स्वतःच्या मारतो तशा. नागपंचमीला नर पस्तीस इंच. दिवाळीला अडतीस. फोन केला तर उलट मलाच झाडलं, “मॅडम, तुम्ही जास्त खाऊ घातलं. वॉरंटी गेली.” गाढवाला वॉरंटी! त्यानंतर फोन उचलणं बंद.

नोव्हेंबरात एक शाळामास्तर घरच्यांना घेऊन आले. जरा वेळ बघत राहिले आणि अगदी सहज म्हणाले, “आमच्या गावच्या वीटभट्टीवर अशीच आहेत की.” त्यांच्या मुलानं जाहिरातीतला फोटो मोबाइलवर उलटा शोधून दाखवला. कुठल्यातरी परदेशी फार्मचा निघाला, कितीतरी वर्षांपूर्वीचा. मला हे एका मिनिटात करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वीटभट्टीवरच्या मामांना बोलावलं. मामांचं सगळं आयुष्य गाढवांमागं गेलंय, माती वाहण्यात. आमच्या घरापासून त्यांची वस्ती दहा मिनिटांवर. वर्षभरात मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. माझी गाढवं सर्टिफिकेटवाली, त्यांची उकिरड्यावर फिरणारी, त्यांना काय कळणार, असं कुठंतरी डोक्यात होतं. खरं कारण हेच.

मामांनी कागद हातात घेतलाच नाही. मोठ्या मादीचा ओठ वर केला, अंगठा आत घातला, सोडला. मग दुसरीचा, मग नराचा.

“माय, ही तर कोरी हायती.”

“म्हणजे?”

“दुधाचेच दात की गं. अजून एक बी पडला न्हाई. दोन पडून नवे आले की दुवान, चार आले की चौवान, समदे भरले की अखंड. अखंड व्हायला पाच साल लागत्यात. ही अजून दीड सालाची बी न्हाईत.” मग मला म्हणाले, “गाभण म्हणत व्हता? लेकराला लेकरू व्हतंय व्हय?”

सर्टिफिकेटप्रमाणे तिचं वय तेव्हा पाच वर्षं होतं.

मी क्रॉसचं विचारलं. मामा म्हणाले, माझ्या भट्टीवर ये, धाकल्या-मोठ्या सगळ्यांच्या पाठीवर दाखवतो. मग मी ते कानातलं पिवळं सांगितलं, आंघोळीला निघालेलं. मामा खाली बसले आणि पोट धरून हसले. “अगं, भंडारा हाय त्यो! माळेगावचा!”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीला भरते. घोडे, उंट, गाढवं, कुत्री, सगळ्यांचा बाजार, आणि माणसाजनावरांवर हळदीचा भंडारा. आमच्या शेजारचाच तालुका. माझी सिसिलीची गाढवं बहुधा त्या यात्रेतून आली होती, यात्रा उठल्यावर पंधरा दिवसांत. मामांच्या मते असली शिंगरं तिथं पाच-सात हजारांत मिळतात.

मग पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चिपचा नंबर मोजला. बारा आकडे. मायक्रोचिपला पंधरा असतात, म्हणाले. बारा आकडे तर आपल्या म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर असतात. स्कॅनर मागवून मान तपासली, आत काहीच नव्हतं. परदेशातून जिवंत जनावर आणायचं तर केंद्र सरकारचा परवाना लागतो आणि सरकारी क्वारंटाइन केंद्रात ठेवावं लागतं, तो परवाना आधी मागायचा, एवढंच करायला हवं होतं. अनुदानाचंही तसंच: अर्ज आपण स्वतः पोर्टलवर करायचा, मंजुरी आधी, जनावर नंतर. मध्ये व्यापारी नसतो.

सगळ्यात जास्त ते उपाशी ठेवण्यावर चिडले. वाढत्या शिंगराला कमी खाऊ घालून बुटकं ठेवायचं हा जुना धंदा आहे म्हणाले. शिवाय गाढवाला उपास घडला की रक्तात चरबी चढून ते दगावूही शकतं. आणि बाजारातून आलेलं जनावर लेकरांच्या अंगाखांद्यावर सोडण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी केली होती का, असं विचारलं. तो रोग गाढवाकडून माणसाला होतो. मला तो शब्दच पहिल्यांदा कळला. त्या रविवारची बासष्ट माणसं डोळ्यांसमोर आली. तपासणी निर्दोष आली तोपर्यंत मला झोप नव्हती. नराला खच्ची करून घेतलं, धनुर्वाताची इंजेक्शनं दिली.

तक्रारीचं थोडक्यात. पैसे ऑनलाइन फसवणुकीत गेलेत हे कळल्याबरोबर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, पहिल्या काही तासांतच उपयोग होतो. मी दहा महिन्यांनी केला. पोलीस ठाण्यात आधी ‘हा व्यवहाराचा वाद आहे’ म्हणून परत पाठवलं. वकिलांनी भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली लेखी अर्ज करून दिला, तेव्हा पोच मिळाली. जिल्हा ग्राहक आयोगातही गेलोय. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी लागत नाही. धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून तक्रार फेटाळली जाऊ शकते, त्यामुळं ‘स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून’ हे शब्द अर्जात घालायला विसरू नका. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. माझ्या मालकांनी रागाच्या भरात अर्धं पुसलं.

गाढवं अजून आहेत. आता पोटभर खातात. नर एकेचाळीस इंच झालाय. छोटी मादी पस्तीसवर थांबल्यासारखी वाटते, म्हणजे मापानं ती अजूनही मिनिएचरच आहे. आपली लहान चणीची गावठी गाढवं तशीही त्या मापात बसतात, असं डॉक्टर म्हणाले. फाट्यावरचा ‘विदेशी’ शब्द आम्ही पाटीवरून खरवडून काढला. लोक तरीही येतात, पन्नासऐवजी वीस रुपयांत.

गेल्या महिन्यात जाऊबाईंनी मोबाइल पुढं केला. नवं नाव, नवा नंबर, जाहिरात तीच. पण फोटो आता परदेशी नव्हता. नव्या साडीतली मी, गळ्यात हात टाकलेली छोटी मादी, मागं आमचा गोठा आणि दोरीवर वाळत घातलेलं जाऊबाईंचं लुगडं. खाली लिहिलं होतं, ‘मराठवाड्यातील आमच्या समाधानी ग्राहक.’ मी त्याखाली सगळं लिहिलं, पाच मिनिटांत ते पुसलं गेलं आणि मला ब्लॉक केलं. भाव एक लाख चाळीस हजार लावलाय.