टॅम्पा ते सेंट ऑगस्टीन : सेमिनोल युद्धाच्या वाटेवरची एक दिवसाची सहल

अमेरिकेत, फ्लोरिडातील टॅम्पाला लेकीकडे मुक्काम असताना, गेल्या डिसेंबरात आम्ही दोघांनी तेथील एका कंपनीची मार्गदर्शकासह बससहल केली; अमेरिकी सैन्य आणि फ्लोरिडातील मूळ रहिवासी सेमिनोल लोक यांच्यात एकोणिसाव्या शतकात झालेल्या युद्धाच्या जागा तीत दाखवतात. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही. सकाळी सातला निघायचे, बुशनेलचे डेड रणक्षेत्र आणि ओकाला येथील फोर्ट किंग पाहायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी सेंट ऑगस्टीनचा सान मार्कोस किल्ला गाठायचा, असा बेत असतो. प्रवेशशुल्क भाड्यात धरलेले असते, जेवणाचे मात्र ज्याचे त्याने पाहायचे असते. दुपारचे जेवण अडीचशिवाय मिळत नाही, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी डबा सोबत ठेवावा.

बुशनेलचा टप्पा निर्विवादपणे उत्तम झाला. १८३५च्या डिसेंबरात अमेरिकी सैन्यातील मेजर फ्रान्सिस डेड शंभराहून थोडे अधिक सैनिक आणि एक तोफ घेऊन टॅम्पाच्या फोर्ट ब्रूकमधून फोर्ट किंगच्या कुमकेला निघाले होते. हल्ला झालाच तर नद्यांच्या उतारांपाशी होईल, असा त्यांचा होरा होता. ते उतार मागे पडले आणि २८ डिसेंबरच्या सकाळी पाइनच्या विरळ रानात तुकडी काहीशी निर्धास्त झाली. मिकानोपी, जम्पर आणि ॲलिगेटर या नायकांचे सुमारे १८० सेमिनोल योद्धे नेमके तेथेच दबा धरून बसले होते. पहिल्याच फैरीत डेड यांच्यासह जवळजवळ निम्मी तुकडी कोसळली. थंडीमुळे सैनिकांनी काडतुसांच्या पेट्यांवरून जाड लोकरी कोट चढवून बटणे लावलेली होती, हा तपशील मी वाचला होता; पण मार्गदर्शकाने तसाच एक कोट आमच्या यजमानांच्या अंगावर चढवला, कमरेला पेटी बांधली आणि 'आता काडतूस काढा' म्हणून फर्मावले. गारठलेल्या बोटांनी बटणांशी चाललेली त्यांची झटापट पाहून सगळे आधी हसले आणि मग एकाएकी गप्प झाले. वाचलेल्यांनी घाईघाईने झाडे तोडून रचलेल्या त्रिकोणी आडोशाची प्रतिकृतीही तेथे आहे. तिच्यामागे मी बसून पाहिले, तर माझ्यासारख्या बुटक्या बाईचे डोकेसुद्धा ओंडक्यांच्या वर राहत होते. त्या तुकडीतले अवघे दोघे-तिघे जिवंत परतले.

एक गोष्ट मात्र खटकली. त्या जागेला आता अधिकृतपणे रणक्षेत्र म्हणतात, तरी मार्गदर्शक शेवटपर्यंत 'कत्तल' हाच शब्द वापरत होता. शस्त्रसज्ज पलटणीशी शस्त्रसज्ज योद्ध्यांनी दिलेल्या झुंजीला तो शब्द कसा लागू पडतो, हे काही मला उमगले नाही.

फोर्ट किंगविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. लाकडी तटबंदी नव्याने उभारलेली आहे आणि ज्या दिवशी डेड पडले त्याच दिवशी सेमिनोल नेता ओसिओला याने सरकारी प्रतिनिधी वायली थॉम्पसन यांना येथे ठार केले, एवढे ऐकून आम्ही पुढे निघालो. याच थॉम्पसन यांनी त्याआधी ओसिओलाला बेड्या घातल्या होत्या, हे मात्र कोणी सांगितले नाही.

त्यानंतरच्या बसमधल्या दीर्घ प्रवासात आम्हाला फ्लोरिडातील मगरींची चित्रफीत दाखवण्यात आली. माझी खरी तक्रार येथे आहे. सेमिनोल लोक लढायला उभे का राहिले, हे सांगायला तो वेळ अगदी सोयीचा होता. फ्लोरिडा १८२१मध्ये स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात आला. १८२३च्या मोल्ट्री क्रीकच्या कराराने सेमिनोलांना उत्तरेकडील सुपीक जमिनींवरून उठवून द्वीपकल्पाच्या अंतर्भागातील राखीव प्रदेशात ढकलण्यात आले आणि अवघ्या नऊ वर्षांत, पेन्स लँडिंगच्या करारान्वये, तोही सोडून मिसिसिपीच्या पलीकडे जाण्यास सांगण्यात आले. त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या कृष्णवर्णीयांवर गुलामांचे मालक हक्क सांगत होते, ती बाब वेगळीच. युद्ध १८४२मध्ये थांबले आणि त्याच वर्षी सरकारने कायदा करून, शस्त्र चालवू शकणाऱ्या वसाहतकऱ्याला १६० एकर जमीन देऊ केली. अट अशी, की त्याने तेथे पाच वर्षे राहावे आणि किमान पाच एकर कसावी. थोडक्यात, सैन्याने रिकाम्या केलेल्या मुलखाची राखण नांगरधाऱ्यांवर सोपवण्यात आली. याबद्दल मी विचारले, तेव्हा 'तो आमच्या सहलीचा विषय नाही' असे उत्तर मिळाले. जमिनीवरून झालेल्या युद्धाच्या सहलीत जमिनीचा विषय येत नसेल, तर मग येते तरी काय?

सान मार्कोसला पोहोचेपर्यंत उशीर झाला आणि जेमतेम पन्नास मिनिटे हाती राहिली. शिंपल्यांच्या थरांपासून बनलेल्या कोकिना दगडाचा हा सतराव्या शतकातील स्पॅनिश किल्ला आहे. त्या दगडावर हात फिरवला की शिंपल्यांच्या कडा तळव्याला लागतात. ऑक्टोबर १८३७मध्ये पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला आलेल्या ओसिओलाला अमेरिकी जनरल जेसप यांच्या हुकमावरून पकडून येथेच आणले होते. नोव्हेंबरात कोआकूची हा दुसरा सेमिनोल नायक आणि त्याचे सुमारे वीस सोबती येथून निसटले. ओसिओलाला पुढे दक्षिण कॅरोलायनातील फोर्ट मोल्ट्रीला हलवले आणि ३० जानेवारी १८३८ रोजी तो तेथेच वारला. हा भाग मार्गदर्शकाने मनापासून सांगितला आणि पांढऱ्या निशाणाच्या दगलबाजीवर मुळीच पांघरूण घातले नाही, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

डेड यांच्या तुकडीतील सैनिकांचे अवशेष ज्यांच्याखाली पुरले आहेत, ते कोकिनाचे तीन बुटके पिरॅमिड याच गावातील राष्ट्रीय दफनभूमीत, किल्ल्यापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आहेत. सहलीत ते समाविष्ट नाहीत. सकाळी ज्यांची कहाणी ऐकली त्यांची समाधी न दाखवताच बस परत फिरते, म्हणून आम्ही पुढच्या आठवड्यात जावयाला घेऊन पुन्हा गेलो. बुशनेलसाठी ही सहल जरूर करावी. सेंट ऑगस्टीनला मात्र आपल्या वाहनाने, एक रात्र मुक्कामाच्या तयारीने जावे.