द वालेन, अ‍ॅमस्टरडॅम: पाहुण्यांसाठी एका वस्तीचे परीक्षण

अ‍ॅमस्टरडॅमच्या मुख्य रेल्वे स्थानकापासून थोडेसे चालले की ‘द वालेन’ ही लाल दिव्यांची वस्ती लागते. शहरातील सर्वांत जुनी इमारत मानले जाणारे औडे केर्क हे चर्च याच वस्तीच्या मध्यभागी उभे आहे आणि त्याच्या भोवतालच्या अरुंद गल्ल्यांत काचेच्या दारांमागे, म्हणजेच येथील ‘खिडक्यां’मध्ये, स्त्रिया ग्राहकांची वाट पाहत असतात. शेजारीच घरे आहेत, दुकाने आहेत, सायकलवरून घरी परतणारे रहिवासी आहेत. युरोपच्या सहलीवर गेलेले आपल्याकडचे अनेक प्रवासी संध्याकाळी येथे एक फेरी मारतात, परंतु ज्या कायद्यांमुळे ही वस्ती आज अशी दिसते ते जाणून घेतल्याशिवाय मारलेली फेरी अपुरीच राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेदरलँड्सने वेश्यागृह चालवण्यावरील बंदी १ ऑक्टोबर २००० रोजी उठवली. तेव्हापासून खिडक्या भाड्याने देणाऱ्याला नगरपालिकेचा परवाना लागतो, तर खिडकीत बसणारी स्त्री बहुधा स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी करून कर भरते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये या व्यवसायासाठी किमान वय २१ वर्षे ठेवलेले आहे आणि जबरदस्ती किंवा मानवी तस्करी हा अर्थातच गुन्हा आहे. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानुसार प्रौढ व्यक्तीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही, मात्र कुंटणखाना चालवणे गुन्हा ठरते. त्यामुळे तेथील परवानापद्धती पाहताना मराठी वाचकाला हा फरक चटकन जाणवेल.

कॉफीशॉप या नावाने चालणाऱ्या गांजाच्या दुकानांबाबत बराच गैरसमज आहे. तेथे गांजा कायदेशीर नाही. ठरावीक अटी पाळल्या तर त्याच्या किरकोळ विक्रीवर खटला भरायचा नाही, असे सरकारचे धोरण आहे. एका ग्राहकाला एका व्यवहारात जास्तीत जास्त पाच ग्रॅम मिळतो आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला आत प्रवेश नसतो. मे २०२३ पासून द वालेनच्या रस्त्यांवर गांजा ओढण्यास मनाई असून त्यासाठी दंड होतो. त्याच वर्षी मद्यालये आणि खिडक्या बंद करण्याच्या वेळाही आधीच्या करण्यात आल्या. खिडक्यांसमोरून गट घेऊन जाणाऱ्या मार्गदर्शित फेऱ्यांना २०२० पासून बंदी आहे, म्हणून अशी फेरी कोणी रस्त्यात गळी उतरवू पाहत असेल तर सरळ नकार द्यावा.

ही फेऱ्यांवरील बंदी मला पूर्णपणे योग्य वाटते, कारण काम करणाऱ्या माणसासमोर घोळका करून टक लावून उभे राहणे हा त्या माणसाचा अपमान आहे. खिडकीतील स्त्रीचे छायाचित्र तर कोणत्याही परिस्थितीत काढू नये. या व्यवसायाची माहिती आपल्या कुटुंबापासून जपून ठेवलेल्या स्त्रीचे आयुष्य एका छायाचित्राने उद्ध्वस्त होऊ शकते. वेळा कमी करण्याचा निर्णय मात्र मला पटलेला नाही. गोंगाट आणि दारूचा धिंगाणा पर्यटक करतात, आणि कमाईचे तास मात्र या स्त्रियांचे कापले जातात. मार्च २०२३ मध्ये या निर्णयाच्या निषेधार्थ त्या स्वतः रस्त्यावर उतरल्या होत्या. महापौर फेम्के हाल्सेमा यांच्या कारकिर्दीत शहराच्या दक्षिण भागात मोठे ‘इरॉटिक सेंटर’ उभारून बऱ्याच खिडक्या तेथे हलवण्याची योजना पुढे आली, तिलाही अनेकींनी विरोध केला आहे. रात्री उशिरा गजबजलेल्या गल्लीत जी सुरक्षितता वाटते ती एखाद्या आडबाजूच्या इमारतीत मिळेल का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

ज्यांना खिडक्यांकडे न रोखून पाहता हा विषय समजून घ्यायचा आहे, त्यांनी ‘रेड लाइट सीक्रेट्स’ हे संग्रहालय पाहावे. पूर्वी वेश्यागृह असलेल्या घरातच ते आहे आणि तेथे पाहुण्याला काचेमागे बसून रस्त्यावरच्या नजरा स्वतःवर झेलण्याचा अनुभव घेता येतो. माझ्या दृष्टीने या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. चर्चजवळच्या चौकात २००७ मध्ये बसवलेला ‘बेल’ हा कांस्य पुतळाही आवर्जून पाहावा, कारण जगभरातील देहविक्रय करणाऱ्यांचा आदर करा, असे त्यावर लिहिलेले आहे. लहान मुलांना बरोबर नेऊ नये. शनिवारी रात्री गर्दीत जाण्यापेक्षा आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, दोघा-तिघांनीच जावे आणि गल्ल्यांमध्ये न रेंगाळता चालत राहावे.