खेळणं नको, मग काय? पाकीट, वर्गणी, कुपन आणि एक पोस्टकार्ड

लेकीच्या सहाव्या वाढदिवसाच्या निमंत्रणात आम्ही 'कृपया भेटवस्तू आणू नयेत' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. रात्री आवराआवर करताना मोजलं तर कंपासपेट्या चार, पाण्याच्या बाटल्या तीन, एकाच चित्राची दोन जिगसॉ कोडी आणि एक रिमोटची गाडी. गाडीचा रिमोट तिसऱ्या दिवशी हरवला. दोन कंपासपेट्या माळ्यावर गेल्या. त्या पुढे कुणाच्या तरी वाढदिवसाला खाली उतरल्या, हे सांगायला नकोच. मराठी घरांच्या माळ्यांवर हे भांडवल कायम फिरतं असतं, आणि आपण दिलेली पेटी चार वर्षांनी आपल्याच घरी परत आल्याचे किस्सेही ऐकायला मिळतात.

तर खेळणं द्यायचं नाही, इथवर तुम्ही आला आहात असं धरून चालतो. प्लास्टिक किती वाईट, मुलं दोन दिवसांत कशी कंटाळतात, यावर पुन्हा बोलायला नको. प्रश्न पुढचा आहे: मग द्यायचं काय? गेल्या पाचसहा वर्षांत बाप म्हणून घेतलेलं आणि मामा म्हणून दिलेलं असं दोन्ही बाजूंनी जे अनुभवलं, त्यावरून लिहितोय. तुमच्या घरचं गणित वेगळं असू शकतं.

सगळ्यात सोपं पाकीट. वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं, आत शंभर, दोनशे, पाचशे. देणाऱ्याची धावपळ वाचते, घेणाऱ्याचा माळा वाचतो. मी अनेक वर्षं हेच देत आलो आणि त्यात काही कमी आहे असं कधी वाटलं नाही. मग एका वाढदिवसानंतर लेक पाकिटांचा ढीग घेऊन बसलेली दिसली. ती नखाने नाणी उचकटत होती. डिंक निघेना म्हणून तिने ती पाण्यात भिजत घातली. अकरा नाणी झाली, ती बिस्किटांच्या डब्यात गेली आणि डबा खुळखुळवत ती घरभर फिरली. आतल्या नोटा तिच्या आईच्या पर्समध्ये गेल्या आणि त्या आठवड्यातल्या किराण्यात विरघळल्या. त्यात कुणाची लबाडी नव्हती, ते तसंच होतं. लेकीला कुणी पाचशे दिले आणि कुणी एक्कावन्न, हे आजही माहीत नाही. तिच्या लेखी प्रत्येकाने एकेक रुपया दिला होता.

पाकिटाचाच शहाणा भाऊ म्हणजे खातं. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धीचं नाव हमखास निघतं. २०१५ पासूनची योजना, वर्षाला किमान अडीचशे रुपये, पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत संपते. योजना म्हणून उत्तम, आमच्याकडेही आहे. पण भेट म्हणून पाहिलं तर दोन गोष्टी लक्षात घ्या. खातं आईवडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात, मामा-आत्याला ते परस्पर उघडता येत नाही. आणि एखाद्या वर्षी किमान रक्कम भरायची राहिली की दंड भरून खातं पुन्हा चालू करत बसायचं. मुलाच्या दृष्टीने तर हे दिलंय काय आणि नाही काय, सारखंच. सहा वर्षांच्या पोरीला 'तुला एकवीस वर्षांनी मिळेल' हे सांगणं म्हणजे तिला तिच्या म्हातारपणाची गोष्ट सांगणं. हा व्यवहार मोठ्यांनी मोठ्यांशी करावा. वाढदिवसाच्या दिवशी तिच्यासमोर पासबुक धरून फोटो काढू नयेत, एवढंच.

दुसरा मार्ग वर्गणीचा, म्हणजे मासिक किंवा वाचनालय. मासिकाबद्दल मला ममत्व आहे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि आमच्या पिढीतल्या अनेकांनी वाचनाची सुरुवात त्यापासून केली. त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचायलाही मिळतात. मुलाच्या स्वतःच्या नावाने टपाल येणं ही गोष्ट आपल्याला वाटते त्याहून फार मोठी असते. पत्त्यावर आपलं नाव, पुढे 'कुमारी' लावलेलं, हे वाचून लेक दोन दिवस हवेत होती. (हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.) अडचण इतकीच की मासिक ही महिन्याला एकेक करून घरात येणारी वस्तूच आहे. दोन वर्षांत चोवीस अंक झाले आणि एकही रद्दीत द्यायला ती तयार नाही. पसारा टाळायला निघालो आणि दिवाणाखाली गठ्ठा बांधून बसलो. तरी खेळण्यांच्या पसाऱ्यापेक्षा हा मला परवडतो, हे कबूल करतो.

वाचनालयात तोही प्रश्न नाही, पुस्तक येतं आणि परत जातं. पुण्यात नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. लहानमोठ्या गावांतही एखादं तरी वाचनालय तग धरून असतं. बालविभाग आहे का आणि मुलांच्या वेळेत उघडं असतं का, हे आधी विचारून घ्या. आमच्या जवळचं वाचनालय नेमकं दुपारी बंद असायचं आणि संध्याकाळी उघडायचं तेव्हा आम्ही दोघं कामावरून परतलेलो नसायचो. वर्गणी एका मावशीने भरली होती. पहिले तीन महिने पुस्तक बदललंच गेलं नाही, एकच पुस्तक टेबलावर आणि त्यावर विलंबशुल्क. मग माझे वडील आमच्याकडे राहायला आले. चहा झाला की साडेपाचला नात आणि आजोबा चालत निघायचे. तेव्हा कुठे ती वर्गणी वसूल झाली. भेट मावशीची, पण ती पोचवली आजोबांनी.

क्लासची फी भरणं हाही प्रकार आहे. पोहणं, तबला, बुद्धिबळ, काय हवं ते. यावर फार लिहीत नाही. एका मित्राने आमच्यासाठी एका महिन्याची बुद्धिबळाची फी भरली आणि पुढची दोन वर्षं आम्ही भरली.

आता कुपनाकडे येतो, कारण माझा निर्णय तिथे झाला. हल्ली 'वस्तू नको, अनुभव द्या' असं सगळे म्हणतात आणि मलाही ते पटलं होतं. लेकीच्या सातव्या वाढदिवसाला एका जवळच्या नातेवाइकांनी मातीकामाच्या कार्यशाळेचं कुपन दिलं. जाड कागद, सुंदर छपाई, चाकावर फिरणारं मडकं. लेकीने ते स्वतः फ्रिजवर चुंबकाने लावलं आणि त्याच रात्री विचारलं, 'कधी जायचं?'

कुपनाच्या मागे बारीक अक्षरांत बऱ्याच गोष्टी होत्या. मुदत सहा महिने. आधी फोन करून जागा ठरवणं आवश्यक. शनिवार-रविवारी कुपन चालणार नाही. सोबत एक पालक हवा आणि पालकाचे पैसे वेगळे. शनिवार-रविवार नाही म्हणजे शाळा बुडवून जायचं, आणि आम्हा दोघांपैकी एकाने रजा घ्यायची. दिवाळीच्या सुट्टीत फोन केला तर सगळ्या जागा भरलेल्या. नाताळात तिला ताप. जानेवारीत माझं ऑडिट. रोज दुधाची पिशवी काढताना ते मडकं डोळ्यांसमोर यायचं. त्यात ज्यांनी कुपन दिलं होतं त्यांचा दर महिन्याला फोन. विचारपूस करून झाली की शेवटी हमखास, 'अरे, गेलात का मग?' प्रेमानेच विचारायचे. पण तिसऱ्या फोननंतर त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं की मी फोन बायकोकडे द्यायला लागलो.

मुदत फेब्रुवारीत संपली. कुपन मी गुपचूप काढलं, तर लेकीने चुंबकाची रिकामी जागा पाहून विचारलं. तिला खरं सांगितलं. ती चिडली नाही, 'बरं' म्हणाली. तेच जास्त लागलं.

रिमोटची गाडी बरी होती, असं त्या संध्याकाळी मनात आलं. गाडीने माळ्यावरची एक कोपराभर जागा खाल्ली, पण आम्हाला काही करायला तर लावलं नाही. कुपनाने कपाटात जागा अडवली नाही आणि सहा महिने आमच्या डोक्यात ठाण मांडलं. पसारा गेला नव्हता, त्याने पत्ता बदलला होता. देणाऱ्याने पैसे दिले, आणि वेळ, रजा, फोन, रिक्षा हे सगळं घेणाऱ्याच्या आईबापाने घालायचं, असा तो सौदा. वस्तू नसलेल्या जवळजवळ प्रत्येक भेटीला एक नेणारं माणूस लागतं. वाचनालयाला आजोबा मिळाले म्हणून ते चाललं. कुपनाला कुणी मिळालं नाही.

न्याय्य बोलायचं तर सगळी कुपनं अशी नसतात. रविवारी चालणारी, मुदत नसलेलीही असतील. ज्या घरात एक पालक दिवसा मोकळा आहे तिथे हीच भेट सोन्यासारखी ठरेल. पण कुणाच्या घरात काय चाललंय हे बाहेरून कळत नाही, आणि मूल जेवढं लहान तेवढे आईबाप दमलेले.

त्यानंतर मी भाच्याला काय द्यायचं ते बदललं. तो चिंचवडला असतो, मी कोथरूडला. त्याच्या आठव्या वाढदिवसाआधी आठवडाभर मी त्याच्या नावाने एक पोस्टकार्ड टाकलं. पन्नास पैशांचं. त्यावर लिहिलं: 'येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मामा दारात येईल. पाण्याची बाटली आणि टोपी घेणे. आईबाबांना सुट्टी.' ताईचा फोन आला की 'आईबाबांना सुट्टी' ही ओळ भावोजींनी दोनदा वाचली.

पिंपरीहून मेट्रोने निघालो. शिवाजीनगरच्या अलीकडे गाडी जमिनीखाली शिरते तेव्हा त्याने काचेला नाक लावलं होतं, आणि अंधार झाल्यावर त्याला काचेत स्वतःचंच तोंड दिसलं. मंडईला उतरून चालत राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी हा संग्रह त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केला. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, त्यातल्या थोड्याच मांडलेल्या. भाच्याला तलवारी बघायच्या होत्या. तो अडकला अडकित्त्यांपाशी. पोपटाचे, घोड्याचे, माणसांचे, बायकांचे अडकित्ते. काचेवर बोट ठेवून तो मोजत होता आणि मध्येच आकडा चुकला की पहिल्यापासून सुरू. शेवटी मला म्हणाला, 'मामा, एवढी सुपारी खायचं कोण?' मग वज्र्या पाहिल्या. त्या पाय घासायच्या आहेत हे कळल्यावर त्याने स्वतःच्या टाचा पाहिल्या. संग्रहालयातच मांडलेला मस्तानी महाल त्याने दोन मिनिटांत उरकला. बाहेर उसाचा रस प्यायलो, परत मेट्रो, दोनच्या आत घरी. ताई झोपून उठली होती. तिच्या चेहऱ्यावरून ती भेट तिलाही मिळाली होती असं दिसलं.

याचे तोटेही सांगतो. पहिला म्हणजे तुमचा अख्खा रविवार जातो. पैसे त्या मानाने काहीच लागत नाहीत, पण वेळेची काटकसर करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. मूल मधेच कंटाळलं, रुसलं, 'आई पाहिजे' म्हणालं तर निस्तरायचं तुम्हीच; पाच वर्षांच्या आतल्या मुलाला एकटं न्यायची माझी तरी छाती नाही. ज्या मुलाशी तुमची ओळख वाढदिवसापुरती आहे, त्याच्या बाबतीत हे अस्थानीच वाटेल. आणि तारीख आईवडिलांना विचारूनच लिहा, नाहीतर तुमचं पोस्टकार्डही फ्रिजवरच्या त्या मडक्याच्या वाटेने जाईल. एकदा लिहिली की मात्र पाळायची. पावसाचं निमित्त नाही, मॅचचं नाही.

भाचा ते कार्ड अजून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवतो. कोपरे दुमडलेत. सोबत मेट्रोचं तिकीटही आहे. एवढा पसारा चालायचा.

लांब राहत असाल, नागपूरला किंवा न्यू जर्सीला, तर मासिकाची नाहीतर वाचनालयाची वर्गणी भरा, पण आधी त्या घरातल्या आजी-आजोबांना किंवा मोकळ्या काकाला फोन करून नेणारं माणूस पक्कं करा. तसं कुणी नसेल तर मासिकच बरं, ते निदान स्वतःच्या पायांनी घरी येतं. वर्गातल्या मुलाच्या वाढदिवसाला, जिथे पंचवीस पोरं केक खाऊन तासाभरात पांगणार, तिथे उगाच तत्त्वं काढू नका. रंगीत खडूंची पेटी द्या, खडू वापरून संपतात. आणि मुंजीला, बारशाला पाकीटच द्या. फक्त नाणं चिकटवताना डिंक जरा कमी लावा.