रील्सवर लगाम घालणारं ॲप: सात महिन्यांचा अनुभव

जूनमधल्या एका बुधवारी ऑफिसातून परत येताना मी भांडुपऐवजी नाहूरला उतरले. झोप लागली नव्हती, दरवाज्यापर्यंत पोचता येऊ नये अशी गर्दीही नव्हती. मी रील्स बघत होते आणि भांडुप आलं कधी, गेलं कधी, मला कळलंच नाही. सीएसएमटी ते भांडुप हा प्रवास मी पंधरा वर्षं करतेय. उभ्याने केलाय, तापात केलाय, पण स्टेशन कधी चुकलं नव्हतं. त्या रात्री फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये जाऊन बघितलं. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब मिळून रोजचे सरासरी दोन तास पन्नास मिनिटं. त्यात रील्स आणि शॉर्ट्स किती हे तो आकडा सांगत नव्हता, पण मला ठाऊक होतं. जवळजवळ सगळंच.

आधी फोनमधलाच टायमर लावून बघितला. पाच दिवस टिकला. वेळ संपली की पूर्ण यूट्यूब बंद व्हायचं आणि लेकाचे गणिताचे व्हिडिओही त्यातच अडकायचे. तो आठवीत आहे, अभ्यासाला माझाच फोन घेतो. मग मी मर्यादा वाढवायचे, आणि एकदा वाढवायला लागलं की ती मर्यादा कसली? मला हवं होतं ते एवढंच की यूट्यूब चालू राहावं, शॉर्ट्स बंद व्हावेत. इन्स्टाग्रामवर बहिणीचे मेसेज यावेत, रील्सची रांग येऊ नये. हे करणारी वेगळी ॲप्स असतात हे ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं. मी कुठलं घेतलं ते लिहीत नाही, कारण खालच्या तक्रारी माझ्या फोनपुरत्या आहेत आणि या प्रकारची बरीचशी ॲप्स साधारण एकाच पद्धतीने चालतात.

माझं ॲप दोन कामं करतं. शॉर्ट्सचा पडदा उघडला की ते मला मागे ढकलतं. आणि इन्स्टाग्राम उघडलं की आधी बारा सेकंद थांबवतं. पडद्यावर एक गोल हळूहळू मोठा होतो, लहान होतो. मग वर आकडा येतो, आजचा हा कितवा प्रयत्न, आणि खाली दोन बटणं: ‘उघडा’ आणि ‘नको, परत’. पहिल्या दिवशी रात्री आकडा ६१ होता. मला वाटलं ॲप चुकतंय. दुसऱ्या दिवशी ५८.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुकरची तिसरी शिट्टी व्हायची वाट बघत ओट्याशी उभी होते. एका हाताला कणीक लागलेली, दुसऱ्या हातात फोन, आणि तो गोल समोर आला. म्हणजे मी इन्स्टाग्राम उघडलं होतं. मला काही बघायचं नव्हतं, कुणाचा मेसेज आला नव्हता, फोन हातात कधी घेतला हेही आठवत नव्हतं. अंगठा आपला आपण तिथे गेला होता. ‘नको, परत’ दाबलं, फोन फ्रिजवर ठेवला आणि शिट्टी झाली. सात महिन्यांत या ॲपने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मला रील्सची आवड आहे असं मी समजत होते, पण साठातल्या चाळीस वेळा आवडीचा संबंधच नव्हता.

यावर संशोधनही झालंय. असंच थांबवणारं ‘वन सेक’ नावाचं ॲप आहे, त्यावरचा अभ्यास २०२३ मध्ये पीएनएएस या विज्ञानपत्रिकेत आला. २८० जणांवर सहा आठवडे केलेला. त्यात शंभरातल्या ३६ वेळा लोकांनी उघडायला घेतलेलं ॲप तिथूनच सोडून दिलं, आणि उघडायचे प्रयत्नही हळूहळू कमी झाले. मला पटलं ते पुढचं: नुसत्या थांबण्यापेक्षा ‘सोडून द्या’ हा पर्याय समोर असणं जास्त उपयोगी पडलं, आणि विचार करायला लावणाऱ्या संदेशाचा फारसा परिणाम झाला नाही. माझ्या ॲपमध्येही सुरुवातीला रोज एक उपदेशपर वाक्य यायचं. मी ते पहिल्याच आठवड्यात बंद केलं. ‘नको, परत’चं बटण मात्र ठेवाच.

आता तक्रारी. अँड्रॉइडवर शॉर्ट्स ओळखून अडवायला अशी ॲप्स सहसा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. त्या परवानगीने ॲपला पडद्यावर काय चाललंय ते वाचता येतं. ही लहान गोष्ट नाही. गोपनीयतेचं पान नीट वाचल्याशिवाय कुणीही ती देऊ नये. आणि हीच परवानगी फसवणूक करणारी ॲप्सही वापरतात, म्हणून माझ्या बँकेचं ॲप ती चालू असेपर्यंत उघडतच नाही. सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा तर आधी परवानगी बंद, मग पैसे, मग परत चालू. गणपतीच्या आधी मी असंच बंद केलं आणि चालू करायला विसरले. नऊ दिवसांनी लक्षात आलं, तेव्हा रोजचे दोन तास परत आले होते. नऊ दिवसांत! सवय मोडली असं मी तोवर सगळ्यांना सांगत होते.

दुसरं बॅटरीचं. फोन अपडेट झाला की मागे चालणाऱ्या ॲप्सना तो गुपचूप मारतो. सेटिंगमध्ये त्या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढून टाकावं लागतं, हे ॲपने आपणहून सांगायला हवं होतं. मला तीन आठवडे लागले शोधायला.

आणि पळवाटा आहेतच. लेकाने दोन दिवसांत शोधून काढलं की ब्राउझरमधून सगळं दिसतं. मी त्याला रागावले नाही, ब्राउझरही यादीत टाकला.

जुलैच्या पावसातला एक दिवस सांगायलाच हवा. कुर्ला आणि शीवच्या मध्ये गाडी थांबली ती दीड तास. रुळांवर पाणी, बाहेर अंधार, डब्यात दमट उकाडा. पहिल्या अर्ध्या तासात मी चार वेळा ‘नको, परत’ दाबलं. पाचव्या वेळी सरळ सेटिंगमध्ये जाऊन ॲपच बंद केलं. गाडी हलली तेव्हा फोनमध्ये चार टक्के बॅटरी होती, आणि घाटकोपरला येईपर्यंत फोन गेला. घरी कळवता आलं नाही. सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या रात्री साडेदहापर्यंत. त्यानंतर मी कडक मोड लावला: संध्याकाळी सहा ते दहाच्या मध्ये ॲप बंद करायचं झालं तर लांबलचक वाक्य टाइप करावं लागतं. ते वाक्य मी आजवर दोनदाच टाइप केलंय.

आज आकडा असा आहे: कामाच्या दिवशी पस्तीस-चाळीस मिनिटं, रविवारी सव्वा तासाच्या आसपास. प्रयत्न पंधरा-वीस. रविवार अजून हाती लागलेला नाही.

एक गोष्ट ॲपच्या बाहेरची. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. तिथल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांत मोबाईल, टीव्ही बंद. ॲप नाही, पैसे नाहीत, पण सगळं गाव एकदम. आम्ही घरात रात्री आठ ते नऊ तसं करून बघतोय. यांचे ऑफिसचे फोन येतात म्हणून रोज जमत नाही. जमतं त्या दिवशी लेक आजीबरोबर पत्ते खेळतो आणि मला त्या ॲपची गरजही भासत नाही. एकटीने बारा सेकंद थांबणं आणि चौघांनी तासभर थांबणं यात मला दुसरं सोपं वाटलं.

पैसे द्यावेत का? थांबवणारा गोल माझ्या ॲपमध्ये फुकट आहे, कडक मोडला वर्षाचे पैसे पडतात. आधी महिनाभर फुकटचं वापरा. प्रयत्नांचा आकडा खाली येत असेल तरच पुढचं.

गेल्या आठवड्यात शेजारी बसलेल्या ताईंनी विचारलं, “काय हो, तुमच्या फोनवर हा गोल कसला येतो?” घाटकोपर ते कांजूरमार्ग तेवढ्या वेळात त्यांच्या फोनवर ते टाकून दिलं. परवानगीचं बटण दाबायच्या आधी मी त्यांना विचारून घेतलं, बँकेचं ॲप कुठलं वापरता.