५८ वाघिणी आणि कोडमधून उभी राहणारी झाडं : गोडोसोबतचे नऊ महिने

मी भुसावळचा. वडील रेल्वेत सांधेवाले होते, त्यामुळे यार्डात रेक, म्हणजे मालडब्यांची रांग, कशी जोडतात, कशी तोडतात हे लहानपणापासून बघत आलो. गेले नऊ महिने नोकरीवरून आल्यावर रोज रात्री दोन तास मी तशाच एका यार्डाचा टू-डी खेळ गोडो या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतोय. वरून दिसणारे रूळ, एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे, सायडिंगा म्हणजे बाजूच्या लाइना, आणि सांगितलेल्या क्रमानं खेळणाऱ्यानं वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, लावून गाडी रवाना करायची. कुठली रेक येणार, तिच्यात किती वाघिणी, कुणात कोळसा आणि कुणात धान्य, हे दर डावाला बदलतं. म्हणजे एडिटरमध्ये आधी मांडून ठेवण्यासारखं फार थोडं; बाकी सगळं चालू खेळात, कोडमधून उभं करायचं. या लेखात तेवढ्याच एका गोष्टीबद्दल लिहितोय. पुढे ‘इंजिन’ म्हटलं की गोडो समजा, रुळावरच्याला मी लोको म्हणेन. आवृत्ती ४.३.

पहिल्या आठवड्यात वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? गोडोत प्रत्येक गोष्ट नोड, म्हणजे झाडासारख्या रचनेतला एक तुकडा, असते, नोडांची फांदी सेव्ह केली की तिचा सीन होतो. तो सीन प्रीलोड करायचा (आधीच वाचून ठेवायचा), इन्स्टॅन्शिएट म्हणायचं (त्याची प्रत काढायची), ॲड चाइल्ड म्हणायचं (ती चालू झाडात जोडायची), वाघीण रुळावर हजर. तीन ओळी. जुने धडे बघून शिकणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, की मार्च २०२३ मध्ये ४.० आलं तेव्हा बरीच नावं बदलली. आधी ‘इन्स्टन्स’ होतं त्याचं ‘इन्स्टॅन्शिएट’ झालं, पाथ फॉलोच्या ‘ऑफसेट’चं ‘प्रोग्रेस’ झालं. तिसऱ्या आवृत्तीचा कोड उतरवून घेतलात तर पहिल्याच ओळीला अडाल.

त्या तीन ओळींच्या मधल्या जागा समजायला मात्र मला दोन महिने लागले.

माझ्या वाघिणीत नऊ नोड आहेत. सगळ्यात वर पाथ फॉलो टू-डी, म्हणजे रुळाच्या वळणावरून चालणारा नोड. त्याच्या पोटात सांगाडा, माल आणि सावली यांचे तीन स्प्राइट (चित्रं), दोन बोग्या (चाकांच्या चौकटी), टक्कर ओळखणारा एरिया आणि त्याचा आकार, आणि वाघिणीचा नंबर दाखवणारं लेबल. सुरुवातीला मी वाघिणीच्या स्क्रिप्टला क्लासचं नाव दिलं आणि कोडमध्ये सरळ त्या क्लासचं ‘न्यू’ केलं. एरर नाही, इशारा नाही, पण पडद्यावरही काही नाही. कारण ‘न्यू’ केल्यावर फक्त एकटा नोड आणि त्याची स्क्रिप्ट मिळते. सीनमध्ये जोडलेली बाकीची आठ पोरं त्या स्क्रिप्टला ठाऊकच नसतात. पूर्ण झाड हवं तर सीनच इन्स्टॅन्शिएट करावा लागतो. आता माझा नियम असा आहे: ज्याला रूप आहे ते सीनमध्ये, आणि ज्याची फक्त रचना आहे, म्हणजे रेक, लाइन, यार्ड, ते कोडमध्ये ‘न्यू’ करून.

दुसरी जागा इन्स्टॅन्शिएट आणि ॲड चाइल्ड यांच्या मधली. तेव्हा नोड जन्मलेला असतो, पण ट्रीत, म्हणजे चालू खेळातल्या नोडांच्या झाडात, आलेला नसतो. ‘ऑनरेडी’ लावलेली (नोड तयार झाल्यावरच भरणारी) व्हेरिएबल्स तोवर रिकामी असतात. मी तिथेच वाघिणीचा नंबर लेबलात घालायला गेलो आणि नल ऑब्जेक्टची एरर खाल्ली. सोपा उपाय म्हणून आधी ॲड चाइल्ड आणि मग माहिती, असं उलटं करून पाहिलं. ते चाललं, पण मग रेडी फंक्शन (नोड तयार झाला की चालणारं) माहिती यायच्या आत चालून जायचं आणि प्रत्येक वाघीण आधी रिकामी म्हणून मोजली जायची. शेवटी बसलेली पद्धत ही: झाडात घालण्याआधी माहिती फक्त साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवायची, आणि ती लेबलावर, स्प्राइटवर चढवायचं काम रेडीनं करायचं. नंतर माहिती बदलली तर सेटरमध्ये (व्हेरिएबल बदलताना चालणाऱ्या कोडमध्ये) ‘इज नोड रेडी’ विचारून मगच लेबलाला हात लावायचा.

पाथ फॉलोचंही तसंच आहे. प्रोग्रेस रेशो, म्हणजे रुळाच्या लांबीचा कितवा हिस्सा, हा नोड पाथच्या पोटात आणि पाथ ट्रीत असल्याशिवाय लावताच येत नाही, आणि इंजिन तसं स्पष्ट सांगतं. पण लूप, म्हणजे टोकाला पोचलं की पुन्हा सुरुवातीपासून, ही सेटिंग मुळात चालू असते, हे कोणी सांगत नाही. सायडिंगच्या टोकाला गेलेली वाघीण बफरला (टोकाच्या अडथळ्याला) टेकायच्या ऐवजी झटक्यात लाइनच्या सुरुवातीला उगवली, तेव्हा मी अर्धी रात्र माझ्या वेगाच्या गणितात चूक शोधत होतो. आता वाघिणीच्या सीनमध्येच लूप बंद करून ठेवलाय.

रेडीच्या क्रमाबद्दल मात्र मनापासून कौतुक. झाडात शिरताना ‘एंटर ट्री’ वरून खाली जातं, आधी आईबाप, मग पोरं. ‘रेडी’ उलटं येतं, आधी पोरं, शेवटी आईबाप. हे एकदा डोक्यात बसलं की रेक बांधायची पद्धत आपोआप सुचते. रेकचा नोड ट्रीबाहेरच तयार करायचा, त्याच्या पोटात लाइन, लाइनवर वाघिणी घालायच्या, आणि सगळं झाल्यावर ती अख्खी फांदी एकदाच यार्डाला जोडायची. रेकचं रेडी येईल तेव्हा प्रत्येक वाघीण तयार असते. तिथे वजन मोजा, लांबी मोजा, काहीही करा. याच्या उलट, पोरानं आपल्या रेडीत आईबापाला नवा चाइल्ड जोडायला सांगितलं तर इंजिन नकार देतं: पालक आत्ता पोरं मांडण्यात गुंतलेला आहे, कॉल डिफर्ड वापर, म्हणजे काम जरा पुढे ढकल. सुरुवातीला ही अडवणूक वाटायची. आता वाटतं, एरर असावी तर अशी, उपाय सोबत घेऊन येणारी.

आता सांध्याबद्दल जरा सविस्तर, कारण माझा खेळ तिथेच आहे. पाथ फॉलो ज्या पाथचं पोर असतो त्याच पाथवर चालतो. म्हणजे मुख्य लाइनवरून सायडिंगवर जाताना वाघिणीला चालू खेळात आईबाप बदलावे लागतात. त्यासाठी ‘रिपेरेंट’ आहे, आणि ते जगातली जागा सांभाळून नोड हलवतं. मी वाघिणीच्या एरियाला सांधा लागला की तिथल्या तिथे रिपेरेंट लिहिलं. लगेच एरर: फिजिक्सचा कॉलबॅक (टकरीची खबर देणारं फंक्शन) चालू असताना टकरीचा नोड काढू नका. बरोबरच आहे, वाघीण हलली की तिच्या पोटातला एरियाही एका क्षणासाठी ट्रीबाहेर जातो. रिपेरेंट डिफर्ड केलं, एरर गेली, आणि पुढची भानगड समोर आली. मुख्य लाइनवर १८४० पिक्सेल चाललेली वाघीण ६०० पिक्सेलच्या सायडिंगवर आली, पण प्रोग्रेस जुनाच घेऊन. पुढच्या फ्रेमला ती थेट बफरवर जाऊन बसली. घर बदललं तरी अंतर तेच राहतं. नव्या रुळावरचं अंतर आपणच काढून लावायचं असतं.

तरीही खेळातल्या गुणांचा (स्कोअरचा) हिशेब चुकत होता. सांधा ओलांडणाऱ्या प्रत्येक वाघिणीमागे यार्डातली एक वाघीण कमी व्हायची. कारण सापडायला तीन रात्री गेल्या. मी ‘एक्झिट ट्री’मध्ये ‘वाघीण गेली, एक वजा कर’ असं लिहून ठेवलं होतं आणि मिळवण्याचं काम रेडीत. रिपेरेंट म्हणजे आतून काढणं आणि पुन्हा घालणंच. त्यामुळे एक्झिट ट्री आणि एंटर ट्री दर वेळी येतात, रेडी मात्र आयुष्यात एकदाच. वजाबाकी दर सांध्याला होत होती, बेरीज एकदाच झालेली. आता दोन्ही कामं जोडीनं एंटर आणि एक्झिटमध्ये आहेत, आणि ‘वाघीण कायमची गेली’ यासाठी मी स्वतंत्र सिग्नल (गोडोतला निरोप, रुळावरचा नव्हे) ठेवलाय.

वडिलांना एका रविवारी खेळ दाखवला. वाघीण रेकमधून सुटली आणि पडद्याबाहेर गेली, तशी त्यांनी विचारलं, “ही आता कुणाच्या ताब्यात?” यार्डात सुटी वाघीण कुणाच्या तरी ताब्यात असावीच लागते, हँडब्रेक न लावता सोडलेली वाघीण म्हणजे धोका. मी म्हटलं, बाबा, ती गेली, संपली. रात्री डीबगरचा मॉनिटर उघडला. अनाथ नोडांचा आकडा होता शून्य. एक वाघीण रवाना केली, ९. दुसरी केली, १८. तिसरी, २७. मी ‘रिमूव्ह चाइल्ड’ करत होतो, आणि त्यानं नोड फक्त ट्रीबाहेर जातो, मेमरीतून नाही. नोडांना रेफरन्स मोजून आपोआप मोकळं करण्याची सोय नाही. ती रिसोर्सांना, म्हणजे मटेरियल, आकार अशा साधनांना, आहे. नोड मोकळा करायची जबाबदारी ज्यानं तो काढला त्याची. रिमूव्ह चाइल्डच्या जागी ‘क्यू फ्री’ लिहिलं आणि आकडा शून्यावर थांबला. तेव्हापासून तो आकडा मी रोज बघतो.

क्यू फ्रीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा: नोड त्या क्षणी मरत नाही, फ्रेम संपताना मरतो. डाव बदलताना मी जुनी रेक क्यू फ्री करून त्याच फ्रेममध्ये त्याच नावाची नवी रेक जोडत होतो. एका आईबापाच्या दोन पोरांना एक नाव चालत नाही, म्हणून इंजिन नवीला गपचूप दुसरंच नाव देतं, आणि नावानं शोधायला गेलं की हातात येते ती मरायला टेकलेली जुनी. नावावर विसंबणं मी सोडलं. जोडताना मिळालेला नोड व्हेरिएबलमध्ये धरून ठेवतो, बाकीच्यांसाठी ग्रुप वापरतो, आणि जुनं धरून ठेवलेलं काही वापरण्याआधी ‘इज इन्स्टन्स व्हॅलिड’ विचारतो.

रंगाचा किस्सा थोडक्यात. चुकीच्या जागी लागलेली वाघीण लाल दाखवायची म्हणून तिच्या शेडर मटेरियलचा रंग बदलला, आणि अख्खी रेक लाल झाली. एका सीनमधून काढलेल्या सगळ्या प्रतींत रिसोर्स एकच असतो, मग ते मटेरियल असो की टकरीचा आकार. ‘लोकल टू सीन’ चालू करा किंवा त्या प्रतीपुरतं डुप्लिकेट करा. मला फक्त रंगच हवा होता, मॉड्युलेट (नोडवर रंगाची छटा चढवणं) पुरलं.

वेग कसा आहे, हे बरेच जण विचारतात. माझी सगळ्यात लांब रेक ५८ वाघिणींची, म्हणजे ५२२ नोड. लॅपटॉपवर एका फ्रेममध्ये उभी केली तरी काही कळत नाही. जुन्या फोनवर मात्र हात अडखळल्यासारखा झटका जाणवायचा; ६० फ्रेमच्या हिशेबात एका फ्रेमला १६ मिलिसेकंदांच्या आसपासच मिळतात. आता दर फ्रेमला चार वाघिणी जोडतो आणि मध्ये पुढच्या फ्रेमची वाट बघतो. दिसायलाही छान दिसतं, रेक खरोखर यार्डात शिरतेय असं वाटतं. फक्त त्या वाट बघण्याच्या मधे खेळणारा मेनूत परत गेला तर कोड जिथून पुढे चालू होतो तिथे ट्री नसतो. म्हणून जागं झाल्यावर आधी ‘मी अजून ट्रीत आहे का’ हे विचारायचं. थ्रेडचा, म्हणजे काम समांतर चालवायचा, मोह झाला तर लक्षात ठेवा, ट्रीबाहेरची फांदी थ्रेडमध्ये बांधता येते, पण चालू ट्रीला तिथून हात लावायचा नाही. जोडणं डिफर्ड करायचं. वापरलेले नोड राखून पुन्हा वापरण्याची पद्धत मी लिहिली आणि काढून टाकली. गोडोच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी अधूनमधून झाडून काढणारा) नाही, त्यामुळे तो धक्का मुळातच नसतो, आणि माझ्या आकड्यांना त्या गुंतागुंतीतून काही मिळालं नाही. हजारो गोळ्या उडवणाऱ्या खेळाचं गणित वेगळं असेल.

डाव सेव्ह करायला आधी अख्खा ट्रीच पॅक करून, म्हणजे त्याची सीन फाइल बनवून, बघितला. फाइल उघडली तर यार्ड आहे, वाघीण एकही नाही. पॅक करताना फक्त ओनर (मालक नोड) लावलेले नोड जातात, आणि कोडमधून जोडलेल्याचा ओनर रिकामा असतो. ओनर लावून ते जमलं, पण मी तो रस्ता सोडला. आता रेकची माहिती, म्हणजे कुठली वाघीण, कुठल्या लाइनवर, किती अंतरावर, एवढीच जेसन या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितो आणि उघडताना झाड नव्यानं बांधतो. सीन फाइलमध्ये स्क्रिप्टही लपून येऊ शकते. खेळणारे एकमेकांना डाव पाठवणार असतील तर तो धोका का घ्यायचा? एडिटरमध्येच चालणाऱ्या टूल स्क्रिप्टला मात्र ओनर लावावाच लागतो. माझे रुळांखालचे स्लीपर तशी एक स्क्रिप्टच मांडते. ओनर विसरलं की ते पडद्यावर दिसतात, पण सीनच्या यादीत येत नाहीत आणि सेव्हही होत नाहीत.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त कशानं तारलं असेल तर खेळ चालू असताना एडिटरमध्ये उघडणाऱ्या रिमोट ट्रीनं. कोडनं बांधलेलं झाड जसंच्या तसं समोर दिसतं, नोडवर क्लिक करून प्रोग्रेस बघता येतो, बदलताही येतो. कोडमधून झाडं उभी करणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून ती यादी उघडी ठेवावी. मी चौथ्या महिन्यात उघडली.

गोडो घ्यावं का, याचं उत्तर माझ्यापुरतं हो असं आहे. एमआयटी परवाना आहे, पैसे नाहीत, माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर आरामात चालतं, आणि चालू खेळात रचना बदलणं हेच ज्यांच्या खेळाचं मूळ आहे त्यांना नोडांची ही पद्धत हाताला फार लवकर बसते. तुमचा प्रत्येक टप्पा ठरलेला, आधी मांडलेला असेल तर यातलं निम्मं तुम्हाला कधी लागणारच नाही. सीन एडिटरमध्येच मांडा. आणि एका वेळी पडद्यावर हजारो एकसारख्या वस्तू हव्या असतील तर प्रत्येकीला नोड देऊ नका, मल्टिमेश बघा. माझ्या यार्डाच्या कडेला साठलेला कोळशाचा ढीग मी सध्या तसाच करतोय. तीनशे दगडांचे तीनशे स्प्राइट काढून टाकले, आता तिथे एकच नोड आहे.